ऑकलंडचा पोरगा, ओकलंडचे मैदान

जूनमध्ये तुम्ही इकडे आलात की आपण ओकलंडला क्रिकेटचा सामना पाहायला जाऊ, असे मी फोनवर म्हणालो, तेव्हा सांगलीहून बाबांनी क्षणभर थांबून विचारले, "त्यासाठी न्यूझीलंडचा वेगळा व्हिसा काढावा लागेल का रे?" चूक त्यांची नव्हती. आयुष्यभर रेडिओवर आणि वर्तमानपत्रात त्यांनी जे ऐकले-वाचले ते ऑकलंड. क्रिकेटच्या संदर्भात ओकलंड हे नाव त्यांच्या कानावर पडण्याचे काही कारणच नव्हते. एकाच्या डोक्यावर चंद्र आणि दुसऱ्याच्या डोक्यावर मात्रा, एवढाच काय तो लिहिण्यातला फरक. मधे मात्र अख्खा पॅसिफिक महासागर पसरलेला आहे. आमचे ओकलंड कॅलिफोर्नियातले, सॅन फ्रान्सिस्कोसमोर खाडीच्या पूर्व काठावर वसलेले आणि आम्ही राहतो त्या फ्रीमॉन्टहून बार्ट नावाच्या लोकल गाडीने अर्ध्या तासावर येणारे.

ज्या संघाचा सामना पाहायचा होता त्याच्या नावात मात्र ओकलंड नाही. त्याचे नाव सॅन फ्रान्सिस्को युनिकॉर्न्स. मेजर लीग क्रिकेट ही व्यावसायिक टी-ट्वेंटी लीग जुलै २०२३ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्यात उतरलेल्या सहा संघांपैकी हा एक. न्यूयॉर्कचा संघ मुंबई इंडियन्सवाल्यांचा, लॉस एंजेलिसचा कोलकात्याच्या नाइट रायडर्सवाल्यांचा, टेक्ससचा चेन्नईवाल्यांचा. सिॲटलच्या संघामागे जीएमआर उद्योगसमूहाबरोबर मायक्रोसॉफ्टचे सत्या नाडेला वगैरे मंडळी. आमच्या संघाचे मालक आनंद राजारामन आणि वेंकी हरिनारायण हे सिलिकॉन व्हॅलीतले जुने उद्योजक असून, त्यांनी सहकाऱ्यांबरोबर काढलेली ‘जंगली’ ही कंपनी १९९८ मध्येच ॲमेझॉनने विकत घेतली होती. अब्ज डॉलरच्या वर किंमत गेलेल्या नवउद्योगाला इकडे युनिकॉर्न म्हणतात, त्यामुळे हे नाव कोठून आले असावे याचा फार शोध घ्यावा लागत नाही. बाबांनी त्याचा अर्थ विचारला, मी एकशिंगी घोडा असा सांगितला, त्यावर ते म्हणाले, "म्हणजे जो कुणी कधी पाहिलेला नाही, तो."

हा विनोद त्यांना वाटला त्यापेक्षा अधिक खरा होता, कारण पहिले दोन मोसम आमच्या भागातल्या कोणीही हा संघ आपल्या गावात खेळताना पाहिलेला नव्हता. लीगकडे तेव्हा मैदाने दोनच: एक टेक्ससमधल्या डॅलसजवळचे ग्रँड प्रेअरी, जे मुळात एका बंद पडलेल्या छोट्या बेसबॉल संघाचे स्टेडियम होते, आणि दुसरे नॉर्थ कॅरोलिनातल्या मॉरिसव्हिलचे. सहाही संघ तेथेच जाऊन एकमेकांशी खेळत. सॅन फ्रान्सिस्को हे नाव छातीवर मिरवणारे खेळाडू डॅलसच्या जुलैतल्या उकाड्यात घाम गाळत, आणि आम्ही त्यांचे ‘घरचे’ प्रेक्षक खाडीकाठच्या गारव्यात टीव्हीसमोर बसून ते पाहत असू.

त्या पहिल्या मोसमातली एक संध्याकाळ माझ्या चांगलीच लक्षात आहे. मॉरिसव्हिलला युनिकॉर्न्सविरुद्ध वॉशिंग्टन फ्रीडम असा सामना होता, आणि सौरभ नेत्रावळकरने अवघ्या ९ धावांत आमचे ६ गडी बाद केले. नेत्रावळकर मुंबईचा, २०१० च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला, मुंबईकडून रणजी सामना खेळलेला, मग २०१५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात शिकायला आलेला आणि ओरॅकलमध्ये संगणक अभियंता म्हणून नोकरी करणारा. राहायला आमच्याच भागात. म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या संघात ज्याने असायला हवे होते तो वॉशिंग्टनकडून खेळत होता, आणि मी प्रत्येक बळीला टाळ्या वाजवत होतो. सहाव्या बळीनंतर माझ्या मुलीने शांतपणे विचारले, "पण आपला संघ तर हरतोय ना?" मला पटकन उत्तर सुचले नाही.

बाबांना हे प्रकरण मी नंतर सविस्तर सांगितले, तेव्हा त्यांना सर्वांत खटकला तो ड्राफ्ट नावाचा प्रकार. मार्च २०२३ मध्ये ह्यूस्टनच्या नासाच्या अंतराळ केंद्रात सहाही संघांनी पाळीपाळीने अमेरिकेतले खेळाडू निवडले. पहिले नाव पुकारले गेले ते हरमीत सिंग या, पुन्हा मुंबईतच क्रिकेट शिकलेल्या, फिरकी गोलंदाजाचे, आणि तो गेला सिॲटलला. खेळाडू राहतो कोठे, कोणत्या क्लबकडून खेळतो, याचा निवडीशी संबंध नाही. आमच्या बाबांच्या डोक्यात क्रिकेटची उतरंड पक्की आहे: शाळा, गावचा क्लब, जिल्हा, मग महाराष्ट्राची रणजी. सांगलीत जन्मलेले विजय हजारे पुढे बडोद्याकडून खेळले, याचे दुःख त्यांच्या वडिलांच्या पिढीने केले आणि ते वारशाने बाबांकडे आले. "गावातला मुलगा दुसरीकडे, मैदान तिसरीकडे, मग हा संघ सॅन फ्रान्सिस्कोचा कशावरून?" असे त्यांनी विचारले. मालकांवरून, असे मी म्हणालो, आणि ते उत्तर मला स्वतःलाच फारसे आवडले नाही.

२०२५ मध्ये मात्र लीगने मोसमाचे सुरुवातीचे नऊ सामने ओकलंड कोलिसियममध्ये भरवायचे ठरवले. या स्टेडियमची कथा ठाऊक नसेल तर त्या निर्णयाची गंमत आणि त्यातले दुखरेपण दोन्ही लक्षात येणार नाहीत, म्हणून थोडे सांगतो. कोलिसियम १९६६ मध्ये उभे राहिले. १९६८ पासून ओकलंड ॲथलेटिक्स, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘एज्’, हा बेसबॉल संघ तेथे ५७ मोसम खेळला आणि १९७२, १९७३, १९७४ अशी सलग तीन वर्षे त्याने जगज्जेतेपद मिळवले. शेजारच्या बंदिस्त सभागृहात वॉरियर्स बास्केटबॉल खेळत आणि त्याच कोलिसियममध्ये रेडर्स अमेरिकन फुटबॉल खेळत. वॉरियर्स २०१९ मध्ये खाडी ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला गेले, रेडर्स २०२० मध्ये लास व्हेगासला गेले, आणि उरलेल्या एजच्या मालकांनीही व्हेगासचाच रस्ता धरला. संघ विका पण हलवू नका, असे सांगण्यासाठी १३ जून २०२३ रोजी २७,७५९ लोक मुद्दाम तिकिटे काढून आले आणि ‘विका, विका’ असे ओरडत बसले. बहिष्काराच्या ऐवजी गर्दी करून निषेध करण्याचा हा प्रकार मला फार अस्सल वाटला होता. उपयोग झाला नाही. २६ सप्टेंबर २०२४ रोजी एज तेथला शेवटचा सामना खेळले, ४६,८८९ लोकांसमोर, आणि गेले.

अशा घरात आमचे क्रिकेट भाडेकरू म्हणून आले. १२ जून २०२५, गुरुवार, संध्याकाळ. त्या दिवशी जावे की न जावे असा प्रश्न घरात सकाळपासून होता, कारण अहमदाबादला विमान कोसळल्याच्या बातमीनेच आम्हांला जाग आली होती आणि टीव्हीवर दिवसभर दुसरे काही नव्हते. आई येणार नाही म्हणाली. बाबांनी बराच वेळ विचार केला आणि शेवटी कानटोपी खिशात घातली. फ्रीमॉन्टला गाडीत चढल्यावर हेवर्ड येईपर्यंत कोणी काही बोलले नाही. मग मुलीने सांगलीहून आलेल्या भडंगाची पुडी सोडली आणि डब्यातल्या निम्म्या लोकांनी मान वळवून पाहिले, कारण डब्यात निम्मे लोक आपलेच होते.

कोलिसियम स्टेशनातून स्टेडियमकडे जायला रुळांवरून एक लांबच लांब पादचारी पूल आहे. त्या पुलावर वर्षानुवर्षे फेरीवाले बसतात, बेकन गुंडाळलेले हॉट डॉग तव्यावर परततात, पाण्याच्या बाटल्या विकतात. त्यातल्या एकाने हिरव्या-सोनेरी एजच्या टोप्यांशेजारी युनिकॉर्न्सच्या नारिंगी रंगाला जुळणाऱ्या टोप्या मांडल्या होत्या आणि त्याला कोणता संघ आला आहे याच्याशी काही देणेघेणे नव्हते. बाबांना तो पूल पाहून आपल्याकडच्या सामन्याआधीच्या रस्त्याची आठवण आली. मला मात्र त्या टोप्या पाहून थोडे अपराधी वाटत होते.

आत गेल्यावर पहिली गोष्ट दिसली ती मैदानाची ठेवण. बेसबॉलचे मैदान पंख्यासारखे असते, एका कोपऱ्यातून पसरत जाणारे, आणि क्रिकेटला हवे असते चहूकडून मोकळे, लंबगोल. त्यामुळे बहुतेक बेसबॉल स्टेडियममध्ये क्रिकेट कोंबून बसवावे लागते. कोलिसियम याला अपवाद ठरते, कारण पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावताना गाठायच्या टप्प्यांच्या, रेषांबाहेरची ‘फाउल’ जागा येथे साऱ्या मोठ्या लीगमध्ये सर्वांत जास्त होती. बेसबॉलचे फलंदाज त्या जागेला पन्नास वर्षे शिव्या घालत आले, कारण इतर ठिकाणी प्रेक्षकांत पडून वाया जाणारा चेंडू येथे हवेत झेलला जाई आणि ते बाद होत. आता त्याच जागेवर नेत्रावळकरांच्या व्यवसायबंधूंना फाइन लेग आणि थर्ड मॅन उभे करता येत होते. मैदानाला रिकी हेंडरसनचे नाव आहे. हा ओकलंडच्याच शाळेत शिकलेला, एजकडून खेळलेला मुलगा. १९८२ च्या एका मोसमात त्याने १३० बेस चोरले, म्हणजे गोलंदाजाची नजर चुकवून धाव पळावी तसे १३० वेळा पळाला. डिसेंबर २०२४ मध्ये, संघ गाव सोडून गेल्यावर तीन महिन्यांच्या आत, तोही गेला. समोर ज्या अवाढव्य काँक्रीटच्या भिंतीला लोक ‘माउंट डेव्हिस’ म्हणतात, ती १९९५-९६ मध्ये फुटबॉलवाल्यांसाठी बांधली गेली आणि तिच्यामुळे मागचे डोंगर झाकले गेले.

बाबांनी जागेवर बसताच वही काढली. रेडिओवर बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन ऐकत धावफलक लिहिण्याची त्यांची सवय अजून सुटलेली नाही. शाळेत मास्तरकी करत असताना जशी रेघा आखलेली वही ते वापरत, तशीच ही. वर तारीख घातली, ठिकाण लिहिले आणि मग संघांची नावे लिहिताना एका बाजूला ‘वॉशिंग्टन’ व दुसऱ्या बाजूला ‘ओकलंड’ असे लिहिले. संघ सॅन फ्रान्सिस्कोचा आहे, असे मी सांगितले. "मैदान ज्या गावात, त्या गावाचं नाव," असे म्हणून त्यांनी विषय संपवला.

पुढे जे झाले ते आता विक्रमांच्या पुस्तकात आहे. फिन ॲलन सलामीला आला. त्याने ३४ चेंडूंत शतक आणि ४९ चेंडूंत दीडशे पूर्ण केले आणि ५१ चेंडूंत १५१ धावा करून तो बाद झाला. त्यात षटकार १९, टी-ट्वेंटीच्या एका डावातले सर्वाधिक. त्याआधी १८ पर्यंत ख्रिस गेल आणि एस्टोनियाचा साहिल चौहान पोहोचले होते. चौकार होते फक्त पाच. बाबांची पद्धत अशी की षटकाराचा आकडा लिहायचा आणि त्याभोवती गोल करायचा. दहाव्या षटकारानंतर त्यांनी गोल करणे सोडले, चौदाव्यानंतर टोपणाचे पेन मुलीकडे दिले आणि खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याने बधिर झालेली बोटे बगलेत दाबून ते नुसते पाहत राहिले. पुढची ओळ मुलीच्या अक्षरात आहे, इंग्रजी आकड्यांत. ॲलनचा जन्म न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा, हे मी सांगितल्यावर बाबा इतके खूश झाले की मागच्या रांगेतल्या अनोळखी तेलुगू कुटुंबालाही त्यांनी ते हिंदीत समजावून सांगितले.

आमच्या रांगेच्या टोकाला प्रेक्षकांना जागा दाखवणारे एक वयस्कर कृष्णवर्णीय गृहस्थ उभे होते. अंगात स्टेडियमचे जाकीट आणि डोक्यावर एजची हिरवी टोपी. ते बारा-तेरा षटके शांतपणे पाहत होते. मग जवळ येऊन त्यांनी बाबांना, बहुधा वहीमुळे हा माणूस जाणकार असावा असे वाटून, विचारले की हा मारणारा चेंडू मारल्यावर पळत का नाही. पळण्याची सक्ती नाही, असे बाबांनी आपल्या शाळामास्तरी इंग्रजीत सांगितले. मग त्यांनी विचारले, असे किती डाव होतात? दोनच, बाबा म्हणाले. "दोनच? मग हा माणूस बाद झाला की पुन्हा येत नाही?" नाही. हे ऐकून ते खरोखर अस्वस्थ झाले. बेसबॉलमध्ये फलंदाजाला एका सामन्यात चार-पाच वेळा तरी संधी मिळते. एकदा चुकलात की संपले, हा न्याय त्यांना फार कठोर वाटला. थोड्या वेळाने, कोणी न विचारता, ते म्हणाले की शेवटच्या सामन्याच्या दिवशी ते याच पायऱ्यांवर उभे होते आणि लोक जाताना बाटलीत मैदानाची माती भरून नेत होते. बाबांनी वही मिटली आणि त्यांना शेजारची रिकामी खुर्ची दाखवली. ते बसले नाहीत, ड्यूटीवर होते.

युनिकॉर्न्सच्या ५ बाद २६९ धावा झाल्या. वॉशिंग्टन १४६ धावांत संपले, चौदावे षटकही पुरे झाले नाही. सामना म्हणून त्यात चुरस नव्हती, हे कबूल करायला हवे. वरचे मजले रिकामे होते. प्रेक्षक बहुतेक सारे फ्रीमॉन्ट, सनीवेल, सॅन रमोन अशा गावांतून आलेले भारतीय आणि पाकिस्तानी, मधूनमधून ऑस्ट्रेलियन. खुद्द ओकलंडचे म्हणावेत असे लोक बहुतेक पायऱ्यांवर जाकिटे घालून उभे होते किंवा दुकानांत पॉपकॉर्न विकत होते. ही गोष्ट मला त्या रात्री टोचली आणि अजूनही टोचते. आम्ही ज्याला घरचे मैदान मिळाले म्हणत होतो, ते दुसऱ्या कोणाचे तरी नुकतेच मोडलेले घर होते, आणि त्या लोकांना आमचा खेळ समजावून सांगायला संघाच्या वतीने कोणी आलेले नव्हते. वही घेऊन आलेले एक सांगलीकर मास्तर तेवढे होते.

ओकलंडचा आठवडा संपला आणि लीग पुन्हा टेक्ससला व मग फ्लॉरिडाला गेली. युनिकॉर्न्स चांगले खेळून बाद फेरीत पोहोचले, पण ग्रँड प्रेअरीत न्यूयॉर्कने दोन गडी राखून त्यांचा निकाल लावला. तो सामना आम्ही दिवाणखान्यात पाहिला. बाबांनी वहीत ठिकाण लिहिले ‘टेक्सस’, संघ लिहिला ‘ओकलंड’, आणि त्यापुढे कंसात ‘बाहेरगावी’. चार दिवसांनी अंतिम सामन्यात न्यूयॉर्कच्या रुशिल उगारकर या तरुण गोलंदाजाला शेवटचे षटक टाकायला दिले, वॉशिंग्टनला १२ धावा हव्या होत्या, समोर मॅक्सवेल होता, आणि त्याने मॅक्सवेलला बाद करून सामना पाच धावांनी जिंकून दिला. उगारकर हे आडनाव ऐकताच बाबा खुर्चीत पुढे सरकले. उगार म्हणजे मिरजेहून बेळगावकडे जाणाऱ्या रेल्वेवरचे साखर कारखान्याचे गाव, त्यांच्या दृष्टीने सांगलीचा शेजार. "अहो, नुसत्या आडनावावरून काय ठरवता?" असे आई म्हणाली. त्यावर त्यांचे म्हणणे असे की बाकी सगळ्यांचे नुसत्या मालकावरून ठरते, तर आम्हांला आडनावावरून ठरवायला काय हरकत आहे.

नेत्रावळकर त्या अंतिम सामन्यातही वॉशिंग्टनकडेच होता. त्यामुळे त्या दिवशी आमच्या घरात दोन्ही बाजूंना माणसे होती आणि स्वतःचा संघ नव्हता. मला वाटते, गुंतवणूकदार, बोधचिन्ह आणि नारिंगी जर्सी यांनी संघ तयार होतो, यात शंका नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट आहे, त्यामुळे पैसाही येत राहील. पण आमच्या गल्लीतली मुले शनिवारी शाळेच्या मैदानावर टेनिस बॉलला टेप लावून खेळतात तेव्हा त्यांच्यातला कोणी युनिकॉर्न्सचा खेळाडू होत नाही. कोणी बुमराह होतो, कोणी बाबर. संजय कृष्णमूर्ती हा युनिकॉर्न्सचा फलंदाज जन्माने ओरेगनचा आणि क्रिकेट शिकला बंगळूरला. असा एखादा मुलगा आमच्याच शाळेच्या मैदानावरून निघाला, तर कदाचित त्यांचे खेळणे बदलेल. त्यासाठी आधी मैदान हवे. सॅन होजेला काउंटीच्या जत्रेच्या जागेवर क्रिकेटचे कायमचे स्टेडियम बांधण्याची चर्चा काही वर्षे चालू आहे, आणि ते झाले तर आम्हांला कोलिसियमपेक्षाही सोयीचे पडेल.

परत जाण्याच्या आदल्या रात्री बाबा सामान भरत असताना मी त्यांना हे सांगितले. त्यांनी कपड्यांच्या मधे वही सरकवली आणि विचारले, "मग संघाचं नाव सॅन होजे करणार का?" नाही, नाव सॅन फ्रान्सिस्कोच राहील, मी म्हणालो. त्यांनी बॅगेची चेन ओढली आणि म्हणाले, "बरं. वहीत काय लिहायचं ते तेव्हा बघू."